हात वर झाला

कोल्हापुरात सहाचा खेळ सहाला सुरू व्हायचा आणि प्रेक्षक सव्वासहाला आत जायचे. मधली पंधरा मिनिटं सरकारची. मुख्य चित्रपटाआधी एक माहितीपट दाखवलाच पाहिजे असा दिल्लीचा हुकूम होता, आणि तो दाखवलाही जायचा; पण बघितलाच पाहिजे असा हुकूम कुणी काढला नव्हता. तेवढा वेळ लोक बाहेर उभे राहून बिड्या ओढायचे, भडंग खायचे, आणि आत निवेदक रिकाम्या खुर्च्यांपुढे घसा फोडून देश घडवत असायचा. तो थकला की दारावरचा केरबा पडदा सारून आरोळी ठोकायचा, "सरकार सपलं! चला आत!"

आत पहिल्यापासून एकच माणूस बसलेला असे. दत्तोपंत नेर्लीकर, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे मास्तर. गावच्या एका साप्ताहिकात ते 'अंधारातली पंधरा मिनिटं' नावाचं सदर लिहीत, आणि त्यात त्या आठवड्याच्या माहितीपटाची सालं काढीत. धरणावरच्या चित्राबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "डोक्यावर दगडाची पाटी घेऊन हसणारा मजूर मी फक्त पडद्यावर पाहिला आहे. चित्रण संपल्यावर तो पाटी आणि हसू दोन्ही परत करत असावा." मधमाश्यांच्या चित्राबद्दल लिहिलं होतं, "पंचवार्षिक योजना ठाऊक नसतानाही माश्या काम करतात, हे निवेदकाच्या मनाला फार लागलेलं दिसतं." बाहेर भडंग खाणारी मंडळी चित्र बघत नसत, पण सदर चवीनं वाचत. चौकातल्या चहाच्या दुकानात ते मोठ्यानं वाचलं जाई.

दत्तोपंतांना या मंडळींची मनापासून किळस होती. यांना कुस्ती दिसते, तमाशा दिसतो, डोळ्यांसमोरचा माणूस दिसत नाही, असं ते बायकोला, विमलाबाईंना, जेवताना ऐकवीत. कधीकाळी एका फिरत्या गाडीनं वाचनालयाच्या पटांगणात एक परदेशी चित्र दाखवलं होतं. एक म्हातारा कोळी अर्धा तास जाळं दुरुस्त करतो, समुद्रावर जातो आणि रिकामा परत येतो. निवेदक नाही, संगीत नाही. दोनशे माणसं आली होती, शेवटाला तिघं उरली. त्या दिवशी दत्तोपंतांना जेवण गेलं नव्हतं. बघणं काय असतं ते आपल्याला त्या दिवशी कळलं आणि या गावात फक्त आपल्यालाच कळलं, अशी त्यांची खात्री झाली. त्या खात्रीवर ते पाच वर्षं जगले.

चोपन्न साली, दसऱ्याला महिना असताना, गुळाचं चित्र आलं. मुंबईच्या मंडळींनी आदल्या हंगामात कोडोलीच्या एका गुऱ्हाळावर येऊन ते काढलं होतं. दत्तोपंत सालं काढायच्या तयारीनंच बसले. पण पडद्यावर एक गुळव्या आला, गूळ शिजवणारा मुख्य माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून हसला नाही. उकळत्या काहिलीतला, रसाच्या भल्यामोठ्या कढईतला, थेंब त्यानं पाण्यात टाकला, बोटांत धरला, निरखला. मग त्याचा हात वर झाला. पुढच्या क्षणी चौघांनी काहील कलंडवली आणि सोनेरी रस चकाकत धारेनं गूळ थंड करायच्या वाफ्यात पडला.

पाच वर्षांत पहिल्यांदा दत्तोपंतांनी स्तुती लिहिली. "शंभर चित्रांनंतर एक खरा माणूस दिसला. पाक आला हे त्यानं कुणाला विचारलं नाही. हात वर झाला, आणि मधासारखी धार वाहू लागली. आमचे गावकरी तेव्हा बाहेर भडंग खात होते." निवेदकानं सांगितलेलं गुळव्याचं नावही दिलं: गुरुसिद्ध, मुक्काम कोडोली.

पुढच्या रविवारी सकाळी तोच माणूस दारात उभा. डोक्याला पटका, हातात घडी केलेलं साप्ताहिक. दत्तोपंत हरखले. आभार मानायला आला बिचारा! त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, विमलाबाईंना चहा टाकायला सांगितलं आणि विनयानं बोलायची तयारी केली.

"मास्तर," गुरुसिद्ध म्हणाला, "तुमी लिवलंय त्ये खोटं हाय."

"खोटं? मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय."

"हात वर केला म्हंजे 'थांबा'. आजून पाक आला न्हाय, काहील हलवू नगा. आमच्यात ल्हान पोरालाबी ठावं असतंय. पाक आला की हात खाली करायचा आन् देवाचं नाव घ्यायचं. आन् मधागत धार पडती ती गुळाची न्हवं, काकवीची. गुळाचा पाक घट, जड पडतूय. त्येला चकाकी कुठली?"

स्वयंपाकघराच्या दारात विमलाबाई कप घेऊन थांबल्या होत्या. "मला विचारलं असतंत तर मीही सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मधासारखी धार म्हणजे काकवी. घरात दर वर्षी बरणीभर येते की."

दत्तोपंतांचे कान तापले. गूळ कागदात बांधून घरी येतो, एवढंच त्यांना गुळाबद्दल ठाऊक होतं. "मग तुम्ही ओतू कसा दिलात?" त्यांनी उलट विचारलं.

"ऊन उतराय लागलं हुतं. मुंबईचं सायेब म्हनलं, घट झाल्यावर फोटू चमकत न्हाय, आत्ताच ओता. मी हात वर केला. मालक, बाळासो, म्हनलं, पावणं हायत, ओता. गुऱ्हाळावर आल्याल्या पावण्याला न्हाय म्हणत न्हाईत आमच्यात. ती काहील नासली. पर त्ये चित्तर कुणी बगितलं न्हाय बगा. समदी भायेर हुती. तुमचं लिवल्यालं मातुर समद्यांनी वाचलं."

म्हणजे झालं होतं ते असं. शाहूपुरीच्या गूळ बाजारात अडते खो खो हसत होते. मधासारखी धार बघून ह्यानं काहील उतरवली? तीस वर्षांत ज्याची एक ढेप फुटली नाही त्याला लोक काकवीवाला म्हणू लागले होते. दसऱ्याला गुऱ्हाळाचा मालक आपल्या गुळव्याला पानाचा विडा देतो आणि त्या विड्यावर हंगाम ठरतो. बाळासो, ज्यानं स्वतः ओता म्हणून सांगितलं, तोच आता म्हणत होता, "पेपरात आलंय, मी काय करू?" छापलेलं वाचलं की डोळ्यांनी पाहिलेलंही विसरणारी ही जमात कोडोलीतही होती तर.

"एवढंच लिवा मास्तर," गुरुसिद्ध उठत म्हणाला. "'हात कशाला वर झाला त्ये मला कळलं न्हाय.' बास. दसऱ्याच्या आदी छापून आलं तर माझा इडा ऱ्हातूय."

चहा त्यानं उभ्यानंच घेतला.

दत्तोपंत लिहायला बसले. 'मला कळलं नाही' हे शब्द त्यांनी तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. गेली पाच वर्षं आपण गावाला आंधळं म्हणत आलो, आता चहाच्या दुकानात हे मोठ्यानं वाचलं जाणार! केरबासुद्धा हसणार! त्यांना नुसत्या कल्पनेनं घाम फुटला. मग त्यांना दिग्दर्शक आठवला आणि लेखणी सुसाट सुटली. मुंबईच्या मंडळींना काकवी आणि गूळ यांतला फरक कळत नाही, त्यांना फक्त चकाकी कळते. उद्या ते पिठाचं चित्र काढताना गव्हाला पॉलिश करतील. लेख झकास जमला. दिग्दर्शकाच्या अंगावर कापड ठेवलं नाही. शेवटी दत्तोपंतांनी दयाळूपणानं एक वाक्य घातलं: "कॅमेऱ्याच्या झगमगाटात एक भोळा गुळव्या फसला, यात त्याचा काय दोष?"

विमलाबाईंनी लेख वाचून खाली ठेवला. "तो हे मागायला आला नव्हता," त्या म्हणाल्या.

"त्याची बाजूच घेतलीय मी!"

"भोळा म्हणालात त्याला. पाकाच्या बाबतीत फसणारा गुळव्या कोण ठेवेल?"

लेख दसऱ्याच्या चार दिवस आधी छापून आला. चहाच्या दुकानात लोक गव्हाच्या पॉलिशवर पोट धरून हसले. दत्तोपंत तिथून जाताना दोघांनी त्यांना हात जोडले. दसऱ्याला बाळासोनं विडा दुसऱ्याला दिला.

मार्गशीर्षात विमलाबाईंनी त्यांच्या हातात पिशवी दिली. "यंदाची ढेप तुम्हीच आणा. बाजारातून नको, कोडोलीहून आणा." त्या हुज्जत ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या, आणि दत्तोपंतही मुकाट्यानं एसटीत बसले. गुरुसिद्ध दुसऱ्या कुठल्यातरी गुऱ्हाळावर लागला असेल, अशी मनाची समजूत त्यांनी वाटेत घालून घेतली होती.

तो तिथंच होता. काहिलीशेजारी एक तरणा गुळव्या उभा होता, आणि गुरुसिद्ध खाली वाकून चुलवाणात चिपाडं सारत होता. भस्माचे पट्टे घामानं पुसले होते. दत्तोपंतांना वाटलं, पायाला पाय लावून पळावं. पण गुरुसिद्धनं वर बघितलं, हात झटकले आणि हाक मारली, "या मास्तर, या. पावणं आल्यात, रस आणा रं!"

त्यानं स्वतः घोंगडं टाकलं. रसाचा तांब्या पुढं केला. त्या आदबीत कुठंही टोमणा नव्हता. एक टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं दत्तोपंतांना वाटलं. मागे याच रीतीनं पाहुण्यांचा मान राखून हा माणूस गुळव्या होता तो चुलीत जाळ घालणारा गडी झाला होता, आणि तरी रीत सोडत नव्हता. दत्तोपंतांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला.

वर तरण्या गुळव्यानं थेंब पाण्यात टाकला, बोटांत धरला. चौघं काहिलीच्या कड्यांना हात घालून थांबले. गुरुसिद्धनं तिकडं बघितलंसुद्धा नाही, नुसता काहिलीचा आवाज ऐकला.

"बगा की मास्तर," तो सहज म्हणाला. "पाक आलाय का?"

दत्तोपंतांनी डोळे फाडून बघितलं. फेस, वाफ, सोनेरी रंग. एवढंच.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

गुरुसिद्धनं एक चिपाड आत सारलं.

"एवढंच लिवायचं हुतं की, मास्तर."