पूजेनंतर चुकलेली जागा

मी एक जुना टर्मिनल आहे, मित्रांनो. पडदा आणि कळफलक, बस्स! अक्कल सगळी कोपऱ्यातल्या युनिक्सवाल्या मोठ्या संगणकाची. तो तारेतून सांगेल ते हिरव्या अक्षरांत दाखवायचं, एवढंच माझं काम. १९८८ साली मी नागपुरात, महाल भागातल्या एका विणकर संघाच्या ऑफिसात आलो. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कंपनीचा टर्मिनल होता. माझ्यावर काम करणाऱ्या चंद्रकलाबाई मला रोज पदरानं पुसायच्या. त्यांची नोकरी तात्पुरती होती, पण माझ्यासमोर बसणं त्यांना फार आवडायचं.

खंडेनवमीला त्यांनी मोठ्या हौसेनं आम्हा दोघांना पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. परत ठेवताना मात्र घोळ झाला. मी शेजाऱ्याच्या जागी, शेजारी माझ्या!

दसरा संपून ऑफिस उघडलं आणि माझी नुसती घालमेल सुरू झाली. पडद्यावर ओळीवर ओळ चढायची, मधेच कंस, मधेच आकडे. त्याच दिवशी उमरेडच्या विणकरांची सूतवाटपाची यादी काढायची होती.

साहेब वामनराव तणतणत आले. माझ्या पाठीत त्यांनी दोन थापडा हाणल्या. "काहून वं चंद्रकला, मशीनवर पाणी शिंपडलं का? संध्याकाळपर्यंत यादी नाही निघाली तर उद्यापासून तू घरी!"

"पाणी नाही साहेब, नुसतं कुंकू लावलं."

"मग हे काय होऊन राहिलं?"

अहो, मी बिघडलेलो नाही! ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे?

बाई एकदा माझ्याकडे बघत, एकदा शेजाऱ्याकडे. तोही तसंच बरळत होता. "दोघं बी एकाच दिवशी कसे बिघडतीन?" त्या पुटपुटल्या. मग वाकून त्यांनी माझ्या पाठीवरचं कंपनीचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! जागाच बदलली! संगणक याले तो दुसराच समजून राहिला!"

प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे हुकूम वेगळे, आणि कोणत्या जागेच्या तारेवर कोण बसलंय हे संगणकानं आधीच धरून ठेवलेलं. शेजाऱ्याचे हुकूम मला कळेनात, म्हणून मी ते तसेच पडद्यावर ओकत होतो. बाईंनी चाचपडत माझा खरा प्रकार संगणकाला टाईप करून सांगितला. पडदा झर्रकन कोरा झाला आणि ओळी नीट रांगेत उभ्या राहिल्या. काय हायसं वाटलं म्हणून सांगू!

चार वाजता यादी निघाली. वामनराव ती घेऊन गेले, बाईंशी एक शब्द बोलले नाहीत. त्याचा राग मला आजही येतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पडद्यावर गिचमिड दिसली की थापड उगारू नका आणि समोर बसलेल्या माणसावर तर मुळीच खेकसू नका. आधी वाकून नाव वाचा. बाईंनी वाचलं, म्हणून मी भंगारात गेलो नाही आणि त्या घरी गेल्या नाहीत.