हरकतीचं कारण

त्या सोमवारी शाळेची घंटा मानसीला स्वतःच द्यावी लागली. एरवी घंटेच्या दोरीवरून हृतिक आणि त्याच्या मागे आणखी दोघंतिघं भांडत असायचे. आज पटांगणात चिटपाखरू नव्हतं. वाडीत कुणाकडे मयत झालं असेल, असं तिला वाटलं. पोलादपूरच्या वर डोंगरात ती वीस-बावीस घरांची वाडी, कुणी गेलं की सगळी घरं अशी गप्प व्हायची.

खिचडी शिजवणारी शकू चूल न पेटवता पायरीवर बसून होती.

"पोरं कुठं आहेत गं शकू?"

"नाय येनार आज. बाय, तुमी आदी बसा." शकूनं कमरेचा मोबाईल काढला आणि न बघताच पुढे केला. "मुंबयवाल्यांच्या ग्रुपवर आलंय. मना वाचता येत नाय, पन म्हातारे काय काय बोलतायत."

मानसीनं पाहिलं. आजारपणाच्या कारणावरून बदली मागणाऱ्या शिक्षकांची यादी. तिच्या नावाची ओळ लाल रेघेनं गोल केलेली. नाव, शाळा, मोबाईल नंबर, आणि शेवटच्या रकान्यात: 'प्रसूतीनंतरचा तीव्र मानसिक आजार. बालक मृत. मनोरुग्णालयात उपचार.' खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या पोरांना ही शिकवते? पोर गेलं की हिनंच मारलं?' त्याखाली इमोजी: जोडलेले हात, रडकी, रागावलेली तोंडं.

तिनं मोबाईल शकूच्या हातात परत दिला. मग वर्गात जाऊन तिनं फळा पुसला. तो पुसलेलाच होता.

सहा वर्षांपूर्वी महाडला तिला मुलगा झाला होता. त्याला श्वास घेता येत नव्हता. काचेच्या पेटीतून तो बाहेर आलाच नाही. त्यानंतर मानसीची झोप गेली. पाण्याच्या पिंपातून तिला त्याचं रडणं ऐकू यायचं. एका दुपारी ती अनवाणी सव गावाच्या रस्त्यानं चालत सुटली, तेव्हा राजेंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, कंपनीतून रजा टाकून तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं. आळीत सांगितलं, विश्रांतीला माहेरी गेलीय. ती बरी झाली, नोकरीवर आली. गोळ्या तेवढ्या चालू राहिल्या, आणि महिन्याची पुण्याची फेरी. पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला की ती फेरी चुकायची. मग डॉक्टरांनीच पनवेलच्या त्यांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं. वीर स्टेशनजवळची शाळा मिळाली तर गाडीत बसून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं.

म्हणून तिनं बदली मागितली होती. आजाराचा दाखला जोडायलाच हवा, असं सांगितलं गेलं. देताना तिनं श्रीपतरावांना विचारलं होतं, "हे कोण कोण बघतं?" तालुक्याच्या कार्यालयात आस्थापनेचं टेबल त्यांच्याकडे. "ऑफिसचा कागद ऑफिसातच राहतो बाई," ते म्हणाले होते, आणि तिनं विश्वास ठेवला होता.

त्याच दुपारी ती त्यांच्यापुढे उभी राहिली.

"यादी आम्ही लावली नाही," श्रीपतराव म्हणाले. "आम्ही फक्त माहिती पुढे पाठवली. वेबसाइटवर जिल्ह्यानं टाकली. पारदर्शकता पाहिजे ना! खोटे दाखले जोडून लोक बदल्या घेतात, मग सगळ्यांना बघता आलं पाहिजे."

"दाखला खरा की खोटा ते तुम्ही बघा. वाडीनं कशाला बघायचं?"

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, तिला ते दिसत होतं. "तुम्ही हरकत घ्या. मुदत आहे अजून. हरकत आली की यादी दुरुस्त करतात."

"काय लिहू?"

"कारण सविस्तर लिहा. नुसतं 'नाव काढा' लिहिलं तर केराची टोपली."

तिथल्याच बाकावर बसून तिनं लिहिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. माझं मूल जन्मतः आजारी होतं. त्याच्या जाण्यानं मी आजारी पडले. आता मी बरी आहे. ही माहिती उघड झाल्यानं मुलं शाळेत येत नाहीत, लोक माझ्यावर नाही नाही ते आरोप करत आहेत. कृपया ती काढावी. श्रीपतरावांनी शिक्का मारून पोच दिली. ती पोच घडी करून पर्समध्ये ठेवताना, त्या दिवसात पहिल्यांदाच, तिला छातीभर श्वास घेता आला.

घरी आल्यावर तिनं दीपेशला फोन लावला. दीपेश वाडीचाच, मुरारीचा मुलगा, नालासोपाऱ्याला टेम्पो चालवायचा. ग्रुप त्याचा. आणि हृतिक त्याचाच पोरगा, आजोबांपाशी राहून शिकणारा.

"दीपेश, ते काढून टाक रे. हात जोडते."

"मॅडम, मी डिलीट केलं तरी काय फायदा? आतापर्यंत सगळीकडे फॉरवर्ड झालंय. आणि सरकारनंच टाकलंय ना? मी काय बनवून टाकलं नाय."

"मुलाला मी मारलं असं कुणी लिहिलंय तिथं?"

मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. "सॉरी मॅडम," तो म्हणाला. "पन माझा पोरगा हाय तिथं. टेन्शन येतं ना."

आठवडाभर वर्ग रिकामा राहिला. मानसी रोज जायची, हजेरीपट उघडायची, गैरहजेरीच्या खुणा करायची. शकू तिच्यासमोर बसून तांदूळ निवडायची, कुणासाठी ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग हरकतींवरच्या निर्णयांची यादी लागली. राजेंद्रनं ती आधी पाहिली. तो कंपनीतून मधल्या सुट्टीतच घरी आला तेव्हा मानसीला कळलं, काहीतरी झालंय.

"काढलं ना नाव?" तिनं विचारलं.

त्यानं मोबाईल दिला नाही, पाठीमागे धरला. तिनं तो हिसकावून घेतला. 'हरकतदाराचे नाव. हरकतीचे कारण. निर्णय.' कारणाच्या रकान्यात तिचं पत्र शब्दन् शब्द टाईप केलेलं होतं. माझं मूल जन्मतः आजारी होतं, पासून लोक माझ्यावर नाही नाही ते आरोप करत आहेत, पर्यंत. निर्णय: 'अमान्य. माहिती अर्जदाराने स्वतः सादर केलेली आहे.'

"आता हे पण वाचतील," ती म्हणाली. "हे पण."

तिनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. शेजारच्या घरात लहान मूल रडू लागलं. तिनं मान वर केली.

"राजू, तुला ऐकू येतंय ना?"

"काय?"

"रडणं. खरं सांग. बाळ रडतंय ना कुणाचं तरी?"

राजेंद्र तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "येतंय," तो म्हणाला. "शेजारच्यांची नात आलीय. रडतंय ते, मानसी. खरंच रडतंय." तिनं त्याचा हात इतका घट्ट धरला की त्याच्या मनगटावर तिच्या नखांचे वळ उठले. मूल गप्प होईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मुरारीचा निरोप आला. तो शाळा समितीचा अध्यक्ष. पालकांची सभा होती. बायका एका बाजूला, थोडे म्हातारे दुसऱ्या बाजूला. तरणे सगळे मुंबईत.

"बाय, राग मानू नको," मुरारी म्हणाला. "लोकांचं म्हननं हाय, डाक्टरचा कागद आन. बाय बरी हाय, असा. मंग पोरं पाठवू."

मानसीच्या पर्समध्ये तसा दाखला होता. 'अध्यापनास सक्षम', असं त्यात स्पष्ट होतं. तिनं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"कागद मी एकदा दिला मुरारीकाका. त्याचं काय झालं ते तुम्ही बघितलंत. आता कागद कुणाला देणार नाही. काय विचारायचं ते मला विचारा."

मग मागून चंद्रभागा उठली, तिची दोन नातवंडं शाळेत. "पोर कसा गेला तुमचा?"

मानसीनं सांगितलं. काचेची पेटी, त्याच्या छातीची वरखाली, पेटीच्या भोकातून हात घालून त्याच्या पायाला लावता आलेलं एक बोट. पिंपातलं रडणं सांगितलं. पुण्याच्या इस्पितळातल्या खिडकीची जाळी सांगितली. आपण हे का सांगतोय, कुणाला सांगतोय, याचं भान मधेच सुटलं, पण ती थांबली नाही. बोलून झालं तेव्हा चंद्रभागा पदर तोंडाला लावून उभी होती. "माजाबी एक असाच गेला," ती एवढंच म्हणाली.

पुढच्या सकाळी पाच मुलं आली. त्यात चंद्रभागेची दोन होती. हृतिक नव्हता. दीपेश गाडी करून येऊन त्याला घेऊन गेला होता. मुरारी फाटकाशी आला, आत आला नाही. "घर रिकामा झाला गो बाय," म्हणाला आणि काठी टेकत परत फिरला.

पाच मुलांना घेऊन मानसीनं नव्यानं सुरुवात केली. तेवढ्यात बदलीचा आदेश आला. वीरजवळची शाळा, अगदी तिनं मागितली होती तीच. ती धावत श्रीपतरावांकडे गेली. "मला नको आता. माझ्या वाडीतच ठेवा."

"आदेश निघाल्यावर नाकारता येत नाही," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता त्यांनी कागदांचा गठ्ठा नीट केला. "मला माफ करा बाई. मी तुम्हाला सांगितलं होतं, ऑफिसात राहील."

वाडी सोडताना शकू खूप रडली. नवीन शिक्षक येईपर्यंत ती पाच मुलं पुन्हा घरीच बसणार होती.

नव्या शाळेत मुख्याध्यापकांनी चहा मागवला. ते फार गोड बोलत होते. "तुमच्याबद्दल कळलंय आम्हाला. पालकांचाही थोडा गैरसमज आहे. तर काही दिवस वर्गावर नको. ऑफिसातलं काम बघा. पगाराला काही अडचण नाही."

"किती दिवस?"

"बघू ना. वातावरण निवळलं की."

तिला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. भिंतीपलीकडे दुसरीचा वर्ग होता, त्यांच्या बाई रजेवर. मुलांचा गोंगाट वाढत गेला, बाक सरकले, कुणीतरी पडलं आणि भोकाड पसरलं. मानसी टेबलाची कड धरून बसली. रडणं थांबेना. खरं आहे, ती स्वतःशी म्हणाली, हे खरंच रडतंय. आणि ती उठली.

"मॅडम, अहो मॅडम!" मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धवट उठले.

गुडघा खरचटलेल्या मुलीला तिनं उचलून बाकावर बसवलं, पदराच्या टोकानं रक्त टिपलं. खिडकीबाहेर दोन मुलांच्या आया उभ्या होत्या. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी दाराकडे निघाल्या.

"नाव काय तुझं?" तिनं मुलीला विचारलं.

"सोनाली."

"सोनाली, कुठं दुखतंय ते दाखव."

दारात सावल्या पडल्या, मागून मुख्याध्यापकांचा आवाज आला. मानसीनं वळून पाहिलं नाही. मुलीचा पाय तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला.