पालथी पाटी

शर्मिष्ठा मॅडमनी समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला वर्गाला एक प्रश्न घातला. तुम्ही कोण, ते सांगा. अट एवढीच, की सांगताना दुसऱ्या कुणाचं नाव, नातं, गाव, जात, धंदा, यातलं काहीही मध्ये येता कामा नये. अंधेरीतल्या त्या कॉलेजात एरवी कुणी कुणाला बोलू देत नाही, पण त्या दिवशी वर्ग चिडीचूप झाला. चारकोपचा निमेश तेवढा उठला, कारण कशालाही उठायची त्याला सवयच होती.

"मी निमेश."

"नाव कुणी ठेवलं?"

"आत्यानं."

"झालं. आत्या आली. बस खाली."

पोरं हसली. मग एक जण म्हणाला, मी क्रिकेटर. मॅडम म्हणाल्या, एकट्यानं खेळून दाखव. असं करत करत अर्धा वर्ग बसला. शेवटी मॅडमनी सांगितलं की माणूस कितीही आत जाऊन शोधला तरी तिथे दुसरी माणसंच भेटतात, आणि ही माणसं तिथे कशी जाऊन बसली ते शोधायचं शास्त्र म्हणजे आपला विषय.

त्याआधी नेत्राचा नंबर आला तेव्हा ती उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. मॅडमना वाटलं, पोरीला प्रश्न नेमका कळला. त्यांनी तिच्याकडे बघून मानही डोलावली. खरं कारण निराळं होतं. मे महिन्यात तिचे वडील गेले होते, आणि तेव्हापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला सांगत होतं की त्यांचं नाव घ्यायचं नाही. तिला बरं वाटलं. फार नाही, आपलं थोडं.

कोळी माणूस गेला म्हटलं की लोकांना लगेच वादळ आठवतं. हरेश्वर तसा गेला नाही. वेसाव्याच्या किनाऱ्यावर, ओढून ठेवलेल्या होडीला पाठ टेकून, फाटकं जाळं सांधत बसल्या जागी गेला. बराच वेळ सगळ्यांना वाटत होतं, उन्हाची डुलकी लागलीय. नेत्रा स्वतः तिथून दोनदा गेली. दुसऱ्या खेपेला तर त्याचे पसरलेले पाय ओलांडून गेली, आणि "पाय घ्या ना बाबा" असं कुरकुरलीसुद्धा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ती रडली नाही. आत्यांनी आधी समजावलं, मग दरडावलं. एकीनं तर रडू यावं म्हणून तिला जोरात चिमटाही काढला. पोरीच्या डोळ्यांत पाणी म्हणून आलं नाही. "शिकलेली हाय ना," कुणीतरी म्हणालं. बारावी पास झालेल्या पोरीबद्दल हे म्हणणं जरा जास्तच होतं, पण अशा घरात कोण कुणाची चूक काढतो.

समाजशास्त्र मात्र नेत्राला मानवलं. एके दिवशी मॅडमनी सांगितलं, दुःखालाही रीत असते. कुणी आधी रडायचं, किती मोठ्यानं, किती दिवस, आणि कुणी अजिबात रडायचं नाही, हे सगळं समाज ठरवतो. नेत्रानं ते उतरवून घेतलं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं तिचं चाललं होतं. आणि इथे तर त्या सुईचा अभ्यासक्रमच होता, वर मार्क मिळणार होते.

घरी आईची तऱ्हा हीच. सुनंदा टीव्हीसमोर बसायची, आवाज बंद करून. सिरियलमधल्या बायका तोंडं हलवायच्या, ही बघत राहायची. मधेच उठून घासलेलं पातेलं पुन्हा घासायची. बाजारात बसायला कधी जाणार, असं शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "नारळी पुनव होऊन जाऊ दे." त्यात चुकीचं काही नव्हतं. पावसात होड्या बंदच असतात. नारळ दर्यात पडला की नवा हंगाम, तेव्हा बसू. तोवर जागा कुठे जात नव्हती.

ही जागा म्हणजे त्या घराचं सगळं होतं. हरेश्वर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता, त्यामुळे होडी त्यांची नव्हती. बाजारातला ओट्यावरचा हातभर तुकडा तेवढा त्यांचा. दारातून गिऱ्हाईक आत शिरलं, नारळवाल्याला ओलांडलं, की पहिला पापलेट दिसायचा तो सुनंदाचा. ती जागा तिला सासूकडून, सोनूबाईकडून आली होती. त्याचा कुठे कागद नव्हता. सगळ्या बायकांना माहीत होतं, बस. जागा गेली असती तर सुनंदाला मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बिल्डिंगी-बिल्डिंगींतून फिरावं लागलं असतं, आणि हल्ली वॉचमन गेटातूनच परत पाठवतात.

कागद नसला तरी कायदा होता. कुणाच्या घरी मयत झालं, बाळंतपण आलं, दुखणं निघालं, की बाजूची बाई तिच्या जागेवर तिची पाटी पालथी घालून ठेवते. पालथ्या पाटीला कुणी हात लावत नाही. सुनंदाची पाटी बाजूच्या कमलनं मे महिन्यात पालथी घातली, ती तशीच होती. ती सुलटी करायची तर घरच्या माणसानं, नाहीतर घरच्या माणसाला विचारून. आणि विचारल्यावर घरचं माणूस गप्प बसलं, तर जागा सोडली असं समजायचं. मासळीबाजारात गप्प बसण्याचा दुसरा अर्थ तरी काय काढणार?

हे सगळं नेत्राला कमलमावशीनंच सांगितलं होतं, प्रोजेक्टसाठी. कारण मॅडमनी पोरांना कामाला लावलं होतं. आपल्या रोजच्या ओळखीची एक जागा निवडा आणि ती परक्या माणसासारखी बघा. लोक काय करतात ते टिपा. आणि मध्ये पडू नका. तुम्ही मध्ये पडलात की तुम्हाला तिथले लोक दिसणार नाहीत, तुम्हीच दिसाल. निमेशनं सलून निवडलं, कारण तिथे एसी होता. नेत्रानं बाजार निवडला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, ताजं म्हावरं आलं. सुनंदा म्हणाली, सोमवारी बसेन. नेत्रा त्याच्या आधीच्या शुक्रवारी कॉलेजआधी बाजारात गेली. ओट्यासमोर एक उलटा क्रेट होता, त्यावर बसून मोबाइलवर टिपू लागली. गिऱ्हाईक आधी कुणाकडे बघतं. घासाघीस कोण सुरू करतं. मासा उचलून कल्ला उघडून दाखवायचा तो कधी. आईची पालथी पाटी समोरच होती, तीही तिनं टिपली: 'रिकाम्या जागेभोवती वावरताना विक्रेत्या वळसा घालतात.' वाक्य तिला आवडलं. ते वाचताना आत काही हललं नाही, हेही तिला आवडलं.

कमल बर्फ आणायला गेली, तेवढ्यात ती बाई आली. तिशीची असेल, डोक्यावर भरलेली पाटी, पाणी गळून खांदा भिजलेला. कुर्ल्याकडे बसायची. तिथला बाजार रस्तारुंदीत गेला, तेव्हापासून जागा शोधत फिरत होती. रोशनी तिचं नाव, पण ते पुढे कळलं. तिनं पालथी पाटी बघितली आणि रीतीप्रमाणे नारळवाल्याला विचारलं. नारळवाल्यानं बोट दाखवलं. "ती बसलीय ना, तिच्या घरची हाय. तिला विचार."

"बाय, ही जागा कोनाची हाय?" रोशनीनं विचारलं. "मी बसू का?"

नेत्रानं वर बघितलं. आणि टाइप केलं: 'नवीन व्यक्ती. जागेबद्दल विचारणा.' तिला खरोखर आनंद झाला होता. नियम मोडायची किंवा वाकायची वेळ आली की समाज दिसतो, असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि हे तर डोळ्यांसमोर घडत होतं. घरचं माणूस आता काय करतं, ते बघायचं. घरचं माणूस आपणच, हे तिच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं आलं.

"अगं, ऐकतेस ना? ही तुमची हाय तर सांग, मी जाते." या वेळी आवाज मोठा होता. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. सगळ्या नेत्राकडे बघायला लागल्या.

नेत्रा गप्प राहिली. मध्ये पडायचं नव्हतं.

रोशनीनं आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग तिनं डोक्यावरची पाटी उतरवली, पालथी पाटी उचलून सुलटी केली, बाजूला भिंतीशी ठेवली, आणि बसली.

कमल बर्फ घेऊन आली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रोशनी बसल्या बसल्या म्हणाली, "मी दोनदा इचारलं. इचारा सगळ्यांना." कमलनं सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. हो, दोनदा विचारलं. पोर गप्प होती.

"तू हितंच होतीस?" कमल नेत्राला म्हणाली. "तुझी वाचा बसली होती काय गं?"

नेत्रा उठली आणि कॉलेजला गेली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

मॅडम स्टाफरूममध्ये डबा खात होत्या. नेत्रानं जसं झालं तसं सांगितलं, पालथ्या पाटीपासून सगळं. मॅडमनी घास हातातच ठेवला. "बाप रे," त्या म्हणाल्या, "हे सगळं लिहून काढ. हे फार..." आणि तिथेच थांबल्या. त्यांचा चेहरा पडला. वाईट बाई नव्हती ती. इतकी वर्षं समाजाकडे बघून बघून तिला आधी प्रबंध दिसायचा आणि मग माणूस, एवढंच. "नेत्रा, आई आता कुठे बसणार?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तू ठीक आहेस?"

"हो," नेत्रा म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिला काहीच होत नव्हतं. त्याची आता मात्र तिला भीती वाटायला लागली.

घरी तिनं टीव्हीच्या बाजूला उभं राहून सांगितलं. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं. सिरियलमधली एक बाई आवाजाशिवाय रडत होती.

"तू व्हतीस तिथं?"

"हो."

"आनि बोलली नाय?"

"नाही."

सुनंदानं टीव्ही बंद केला. मारील, असं नेत्राला वाटलं. मारावं, असंही वाटलं. सुनंदा उठली आणि मोरीत जाऊन कधीचा पडलेला कोयता घासायला लागली.

सकाळी दोघी बंदरावर गेल्या, लिलावातून मांदेली आणि थोडे बोंबील उचलले आणि बाजारात आल्या. तीन महिन्यांनी सुनंदाला बघून बायका सरकल्या, दोघीतिघी तिच्या गळ्यात पडल्या. रोशनी आधीच येऊन बसली होती. तिनं मान खाली घातली. कमल पदर खोचून पुढे झाली. "ऊठ गं. खरी मालकीन आली. पोरीला काय कळतंय, बापूस मेला तिचा. ऊठ."

"नको, कमल," सुनंदा म्हणाली.

"अगं पन..."

"तीन महिने ती पाटी कोनी हलवली नाय. का नाय हलवली? रीत हाय म्हनून. आता माझ्यावर आली तर रीत मोडू? उद्या तुझी पाटी पालथी पडंल, मग कोन ऐकंल?" तिनं भिंतीशी ठेवलेली आपली पाटी उचलली. "पोर गप्प बसली म्हंजे दिली. चल गं नेत्रा."

बाजाराच्या पार मागे, जिथे ओटा संपतो आणि नाली सुरू होते, तिथे चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्या पलीकडे फरशीचा एक ओला तुकडा रिकामा होता. गिऱ्हाईक इतक्या आत येत नाही. आलंच तर नाक धरून येतं. सुनंदानं प्लास्टिक अंथरलं, पाटी ठेवली, बोंबील मांडले. मग बर्फ आणायला गेली. जाताना काहीच बोलली नाही, रागावलीही नाही. नेत्राला ते सहन झालं नाही. एवढं झाल्यावर आईनं एक शिवी द्यायला नको होती का?

ती पाय जवळ घेऊन पाटीमागे बसली. इथून बाजार वेगळाच दिसत होता, नुसत्या पाठी. मोबाइल पिशवीत होता, तिनं काढला नाही.

एक म्हातारी टोपली घेऊन आली. नालीच्या कडेनं जागा चाचपत चाचपत पुढे सरकली आणि सुनंदाच्या प्लास्टिकवर टोपली टेकवायला वाकली. मग पाटी दिसली तशी थांबली.

"ही जागा कोनाची हाय गं?"

"आमची!" नेत्रा ओरडली. इतक्या मोठ्यानं, की तिचं तिलाच दचकायला झालं. चिंबोऱ्यावाल्या वळल्या. पार दारापर्यंत माना वळल्या. म्हातारीनं कानामागे हात धरला, तिला तरी नीट ऐकू आलं नव्हतं.

"कोनाची?"

"हरेश्वरच्या घरची!" नेत्रा म्हणाली. "हरेश्वर. माझा बाप. वेसाव्याचा. त्याची जागा आहे, त्याची..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. ते नाव मे महिन्यानंतर तिच्या तोंडात पहिल्यांदा आलं होतं, आणि त्याच्यामागून ते पसरलेले पाय आले, सांधायचं राहिलेलं जाळं आलं, आणि आपण केलेली कुरकुर आली. ती मांदेलीवर वाकून हुंदके देत राहिली. सुईचा असर उतरला होता आणि दुखायला लागलं होतं. फार दुखत होतं.

"बरं बाय, तुमची तर तुमची," म्हातारी म्हणाली आणि टोपली उचलून हातभर पलीकडे बसली.

सुनंदा बर्फ घेऊन आली होती. ती दोन पावलांवर उभी राहून बघत होती. जवळ येऊन तिनं बर्फाचा मोठा तुकडा पाटीत ठेवला, पोरीच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि तिच्या बाजूला बसली. बर्फ फोडायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. तिचाही पदर तोंडाला गेला होता.