बारा मिनिटं पुढे

भिंगारच्या पलीकडे, टेकडीवरच्या वायरलेसच्या खोलीत मी सात वर्षं काढली. खाली तोफांच्या सरावाचं रान. माझ्या ताब्यातल्या यंत्राची कामं दोन: तोफा चालवणाऱ्या जवानांपर्यंत निरोप पोचवणं आणि ठरल्या वेळी गावचा भोंगा वाजवणं. दुपारी चारला लांब भोंगा झाला, की सराव संपला, रानात जायला हरकत नाही. बहात्तरच्या दुष्काळात जनावरांपुरतं वाळकं गवत उरलं होतं ते त्या रानातच. भोंगा झाला की बायका विळे घेऊन आत शिरत. माझी बायको राहीबाईही त्यांच्यातच.

यंत्रातलं घड्याळ विजेवर चाले, आणि त्या साली वीज अशी मरतुकडी, की चार वाजेपर्यंत ते बारा मिनिटं मागे पडायचं. म्हणून रोज सकाळी मी ते बारा मिनिटं पुढे करून ठेवायचो. या हुशारीचा मला भारी गर्व होता.

मग यंत्रातली सर्किटची पट्टी जळाली. पुण्याच्या साहेबाने नवी बसवली. तिच्यावर नखाएवढ्या काळ्या चिपा. भोंग्याच्या वेळा त्याच लक्षात ठेवणार.

"आता घड्याळ विजेच्या भरवशावर नाही. सेकंदही चुकणार नाही. हात लावू नका," साहेब म्हणाला.

मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता घड्याळ बारा मिनिटं पुढे केलं. सवय झालेला हात, डोक्याला विचारतो कशाला!

दुपारी लांब भोंगा सुरू झाला आणि त्यातच तोफ धडाडली. मनगटावर पाहिलं. चारला बारा कमी. सकाळचं आठवलं. खिडकीतून बायका ओढ्यात उतरताना दिसत होत्या. सगळ्यांत पुढे हिरवं लुगडं, राहीचं.

बोलायचं बटण दाबलं. पण भोंगा चालू असेपर्यंत यंत्र निरोप घेत नसे, आणि वीज तोडली तर वायरलेसही बंद. दोन मिनिटं थांबणं आलं. मी खिडकीतून खुळ्यासारखा ओरडत राहिलो. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. पुन्हा तोफ झाली. ओढ्यापलीकडे धुळीचा लोट उठला आणि हिरवं लुगडं दिसेना.

भोंगा थांबला.

"गोळीबार थांबवा! माणसं आत आहेत!"

"थांबवला," उत्तर आलं. मी अनवाणीच टेकडी उतरलो.

बायका ओढ्यात एकमेकींना धरून बसल्या होत्या. मोजल्या. नऊच्या नऊ. राहीच्या कानातून रक्त येत होतं. शेजारची छबूबाई म्हणाली, "तोफ वाजतीय, थांब म्हनलं हिला. तर ऐकंना. म्हनली, आमच्या मालकांचा भोंगा हाय, चुकायचा न्हाई. आन् पळाली की सगळ्यांच्या म्होरं."

राहीने मला पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "तोफंचं कायतरी चुकलं का वो?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

तिला ते ऐकू गेलं नाही. कानावर हात दाबून ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.