नव्या अल्बमची पहिली इस्त्री

गाणं चालू असताना जो बोलतो त्याला माझ्या लाँड्रीत उभं राहायलाही जागा नाही, आणि त्या दिवशी जावई तोंड मिटायलाच तयार नव्हते.

तेही कुठल्या गाण्यात? आमच्या बँडच्या नव्या अल्बममध्ये! हा बँड आधी माझा, जावई नंतरचे. कितीतरी वर्षं माझी इस्त्री या लोकांच्या गाण्यांवर चालते. धाकट्या लेकीनं त्यांचा ड्रम वाजवणाराच नवरा म्हणून आणला तेव्हा मी नाक मुरडलं नाही, ते एवढ्याचसाठी. नवा अल्बम आला की तो पहिल्यांदा दुकानात वाजतो, काम चालू ठेवून, आणि शेवटपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. हा अल्बम सकाळीच आला होता. ऐकल्याशिवाय निघायचं नाही, असं मी बजावलं होतं.

"हे गाणं आम्हाला डोंगरात सुचलं, बरं का आई. आता इथे गिटार ऐका..."

"गिटार ऐकू येते, जावईबापू. मधे तुम्हीच येताय."

घड्या घालणारी सून शर्टात तोंड खुपसून हसली. धाकटी हसली नाही. ती दाराशी आपल्या बॅगांजवळ बसली होती. बँड आता दूरच्या शहरात राहणार, असं सांगून जावई तिला त्याच दुपारी घेऊन निघाले होते. तिनं नोकरी सोडली होती, खोली रिकामी केली होती. बाहेर गाडी उभी होती, इंजिन चालूच. चालवणारा ना खाली उतरला, ना त्यानं पाणी मागितलं.

माझं पहिलं मत विचाराल तर अल्बम बरा आहे. गाणारा पूर्वी भांडायचा, आता कुरकुरतो. दुसरं गाणं पातळ. तिसऱ्यानं अंगावर काटा आला. पण ठेक्यावर माझा हात काही बसेना. जावई एरवी ठोक्याआधी किंचित रेंगाळतात, निघताना दारात चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखे. तेवढ्यात मी इस्त्री उचलून बाही उलटते. आज उचलायला जावं तर ठोका पुढे निघून गेलेला. मी वाट बघत राहिले आणि गिऱ्हाइकाची पांढरी बाही करपली.

"अहो आई, तुमच्या हातून?" सून धावत आली.

मी जावयांकडे बघितलं. "हे तुम्ही वाजवलंय?"

"हल्ली कॉम्प्युटरवर सगळं सरळ करून घेतात, आई. माणूस ओळखूच येत नाही."

"ऐकलंस ना?" धाकटी चिडली. "आता तरी सोड त्यांना. गाडी खोळंबलीय."

पटण्यासारखं होतं. सोडलंही असतं. पण घाम पुसत त्यांनी अल्बमच बंद करायला हात पुढे केला.

"मग चौथं गाणं टेबलावर वाजवा, त्याच्याबरोबर. एवढं झालं की बॅगा मी स्वतः उचलून देते."

त्यांनी बोटांनी ठेका धरला. झकास, त्यांचा तो रेंगाळणारा. धाकटीचा चेहरा उजळला. आणि गाण्याच्या ऐन मध्यात सगळं बंद पडलं. तार नाही, आवाज नाही. गाणंच तिथे श्वास घ्यायला थांबलं होतं. जावयांची बोटं मात्र चालत राहिली, टक, टक-टक, कुणी अनोळखी माणूस दार वाजवतोय तशी. मग त्यांनाही ते ऐकू आलं.

धाकटी उठली. "तुम्ही हे गाणं आज पहिल्यांदा ऐकताय?"

बाहेर हॉर्न वाजला.

"रोज संध्याकाळी रेकॉर्डिंगला म्हणून जात होतात. कुठे जात होतात?"

"चल, वाटेत सांगतो." त्यांनी तिचं मनगट धरलं. तिनं हात ओढून बघितला. सुटेना. ते तिच्याकडे बघतही नव्हते, गाडीकडे बघत होते.

मी गरम इस्त्री हातात घेऊन मधे उभी राहिले. त्यांच्या तोंडावर वाफ गेली तसा हात सुटला.

"जावईबापू," मी म्हटलं, "बँड सुटला आणि खोटं बोललात, ते एक वेळ पोटात घातलं असतं. पण खरं कुठे नेतोय ते न सांगता माझ्या लेकीला गाडीत कोंबणारा माणूस या घराचा कुणी लागत नाही. बाहेर बसलाय त्याला जाऊन सांगा, ती येणार नाही. आणि तुम्हीही परत येऊ नका."