मंगळवारच्या तीन तारखा

मित्रांनो, माझा आवाज खरखरतो, सांभाळून घ्या. मी एक जुना टेलिफोन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता पिवळा पडलोय. रत्नागिरीतल्या एका इस्पितळात मी मोठ्या साहेबांच्या टेबलावर होतो. मोबाईल आले आणि माझी रवानगी रक्ततपासणीच्या खोलीत झाली.

इथे महरीन सिस्टर माझ्यावरून पेशंटना बोलावते. काहींच्या रक्तात एक प्रोटीन जास्त निघतं. पुष्कळांना त्याचा कधीच त्रास होत नाही, थोड्यांची हाडं मात्र आतून पोखरली जातात. कोणाची, ते आधी कळत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. पण दुखत नाही तोवर येतो कोण! ‘येतो, येतो’ ऐकून माझे कान किटलेत.

अलीचाचा मासेमारीच्या बोटीवरचे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके. त्यांनी तीन तारखा चुकवल्या. चौथ्यांदा फोन लावला तेव्हा त्यांच्या बायकोने, मासूमाचाचीने उचलला.

“ते दर्यात गेलेत गो. कंबर तेवढी दुखते, जाळी ओढून ओढून. मी तेल लावते.”

सिस्टरने मला घट्ट धरलं. “कधीपासून दुखते?”

“ईद झाली तेव्हापासून.”

“चाची, या मंगळवारी त्यांना घेऊनच ये.”

“मंगळवारी कसे येतील? बोट शुक्रवारचीच बंद, नमाजासाठी. तुला काय सांगायचा? तुझा बापूस पण दर्यावरचाच ना!”

सिस्टरने चाचांच्या जुन्या तारखा काढून पाहिल्या. आमची तपासणी मंगळवारी, म्हणून आम्ही दर वेळी मंगळवारच देत गेलो. सिस्टरला नाही कसं म्हणायचं, म्हणून चाचा ‘येतो’ म्हणत गेले. दीड वर्ष गेलं त्यात. मला माझीच लाज वाटली.

सिस्टरने डॉक्टरांना विनवलं आणि शुक्रवारी सकाळी चाचांचं रक्त घेतलं. प्रोटीन दुपटीने वाढलं होतं. मणक्याचं एक हाड पिचलं होतं. औषधं सुरू झालीत, गुण येईल म्हणतात. जाळं मात्र चाचांना पुन्हा ओढता येणार नाही.

“चाचा, मंगळवार जमत नाही, सांगितलं का नाहीत?” सिस्टरचे डोळे भरले होते.

“तू विचारलंस कुठे, पोरी?”

मित्रांनो, मी थकलोय. माझी वायर कधी तुटेल सांगता येत नाही. तुमच्या घरी कोणाला अशी तारीख मिळाली आणि ती जमणारी नसेल, तर भीड नको, सरळ सांगा. सिस्टर अजून रोज नंबर लावते. पण आता तारीख सांगण्याआधी विचारते, “तुम्ही घरी कुठल्या वारी असता?”