टोपी आणि पिशवी

पाळणाघरवाल्या मावशींनी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला बाहेरून कडी घातली. पाण्याचं मीटर बघायचंय म्हणत एक माणूस नुकताच आत शिरला होता. काळी टोपी, खांद्याला राखाडी पिशवी. सकाळीच त्यांच्या धाकट्या जावेने फोटो पाठवला होता: ‘मुलं पळवणारा, आपल्याच भागात फिरतोय.’ त्यातही काळी टोपी, राखाडी पिशवी. आणि वर मदतनीस बाईंजवळ सात मुलं झोपली होती.

मावशींनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मुलं पळवणारा सापडला. खाली या.’

बघता बघता जिन्यापाशी पंधरा-वीस माणसं जमली. समोरचा सुतार हातोडी घेऊनच आला.

“ताई, बाहेरून कडी लागलीय. काढता का?” आतला आवाज अगदी साधा होता. मग बाहेरचा गलका त्याच्या कानी गेला असावा, कारण बोलणं थांबलं आणि दारावर थापा पडू लागल्या.

“बाजूला व्हा मावशी,” सुतार म्हणाला. “पुढचं आम्ही बघतो.”

मावशींनी त्या हातोडीकडे पाहिलं. “थांबा जरा. याला मुलांच्या मागे फिरताना कोणी पाहिलंय का?”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “तुम्हीच तर लिहिलंत, सापडला म्हणून.”

इतक्या जणांची खात्री त्यांच्या एका ओळीवर उभी होती. त्यांनी फोटो पुन्हा उघडला. माणूस पाठमोरा होता. चेहरा दिसतच नव्हता.

त्यांनी जावेला फोन लावला. “अगं, हा फोटो तुला कोणी दिला?”

“पार्लरवालीने. तिला कुठून आला, मला काय माहीत? सगळेच पाठवतायत, वहिनी.”

तेवढ्यात दाराखालून एक ओळखपत्र सरकलं.

“असली कार्डं कुणीही छापतं,” सुतार म्हणाला.

ते मावशींना पटलं. म्हणून कार्डावरचा नंबर त्यांनी लावलाच नाही. भिंतीवर पाण्याचं बिल चिकटवलं होतं, त्यावरचा लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. पाठ त्यांनी दाराला घट्ट टेकवली. फोन वाजतच राहिला. सुताराचा हात कडीपर्यंत आला. शेवटी फोन उचलला गेला आणि मावशींनी कार्डावरचं नाव वाचून दाखवलं.

“हो, आमचाच माणूस,” पलीकडची बाई म्हणाली. “आज तुमचीच गल्ली आहे. उजव्या भुवईवर जुना व्रण असेल बघा.”

मावशींनी स्वतः कडी काढली. माणूस घामाने निथळत होता. भुवईवर व्रण होता.

“चूक माझी,” मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या. “मी फक्त टोपी आणि पिशवी पाहिली.”

त्यांनी पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं नाही. कुणाकडे न बघता, भिंतीला चिकटून तो बाहेर पडला आणि रस्त्यावर पोचताच पळत सुटला.

मावशींनी ग्रुपवर सगळं जसं घडलं तसं लिहिलं, फोटो जावेकडून आला हेही. जावेने आठवडाभर अबोला धरला, तरी त्यांनी एक शब्द मागे घेतला नाही. पण त्या दिवसापासून जिन्यात सुतार हसून “काय मावशी” म्हणाला, की त्यांची नजर आधी त्याच्या हातांकडे जाते.